मशीनवर सासरा, चावी जावयाकडे

आमच्या डेअरीत एखाद्याला ट्रेनिंगला पाठवलं, की तो माणूस बिघडला असं लोक धरून चालतात. सकाळी नोटीस बोर्डावर नाव लागलं, की संध्याकाळपर्यंत त्याच्या गावात बातमी पोचलेली असते. दुसऱ्या दिवशी तो माणूस माझ्या टेबलापुढे उभा राहतो आणि विचारतो, "मॅडम, माझं काय चुकलं?" मी म्हणते, अहो, काही चुकलं नाही, नवीन शिकायला जायचंय. तो मान हलवतो, पण त्याला ते पटलेलं नसतं, हे त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळतं.

बारामतीच्या एमआयडीसीतल्या या डेअरीत मी कर्मचारी विभाग सांभाळते. माहेर इंदापूरचं, सासर बारामतीचं, त्यामुळे आमच्याकडे कामाला येणाऱ्या अर्ध्या लोकांशी माझी कुठून ना कुठून ओळख निघतेच. मी तशी फटकळ. तोंडावर बोलते आणि मग घरी जाऊन हळहळत बसते. नवरा म्हणतो, तुला या खात्यात कुणी घेतलं? मीही कधी कधी हाच विचार करते.

दरवर्षी दिवाळीनंतर माझ्यामागे एक काम लागतं. कुणाला कशाचं प्रशिक्षण हवंय, ते शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला विचारायचं, तुमच्याकडे कोण कुठं कमी पडतंय? आणि इथंच गाडी अडते. आमच्याकडे कोण कुणाचा चुलता, कोण कुणाचा मेव्हणा, कोण कुणाच्या गल्लीतला. ज्याचं नाव द्यायचं, त्याच्याच शेजारी बसून पुढच्या आठवड्यात लग्नाची पंगत जेवायची असते. मग कोल्ड स्टोअरवाले सांगतात, आमची सगळी माणसं एक नंबर. खरेदीवाले सांगतात, सगळ्यांनाच 'संवाद कौशल्य' द्या. आणि एक महाशय असे आहेत, की ज्याच्याशी त्यांचं वाजलं त्याचंच नाव दरवर्षी पाठवतात. त्या बिचाऱ्याचं 'ताणतणाव व्यवस्थापन' इतक्यांदा झालंय, की आता तोच ते शिकवू शकेल.

पुण्याहून एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी फळ्यावर दोन रेघा मारल्या. वरची रेघ म्हणजे कामाला काय लागतं, खालची म्हणजे माणसाला काय येतं. मधली जागा म्हणजे गरज. छान वाटलं. मी मान डोलावली, चहा प्यायले. पण चहा पिता पिताच डोक्यात आलं, की येत नाही म्हणून न करणारा माणूस आणि येत असून न करणारा माणूस बाहेरून अगदी सारखेच दिसतात. दोघांच्याही हातून काम बिघडलेलंच असतं. त्यांना वेगळं कसं ओळखायचं, हे त्या दोन रेघांत कुठं होतं? मी विचारलं, तर ते म्हणाले, "तो पुढच्या सत्राचा विषय आहे." डोंबलाचं पुढचं सत्र! फी भरल्याशिवाय ते काही येणार नव्हतं.

त्याचं उत्तर मला पुढे मिळालं ते पॅकिंग हॉलमध्ये, आणि तेही आमच्या आबांमुळे.

आबा लासुर्ण्याचे. पिशवीत दूध भरायच्या मशीनवर त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. उंच, काटकुळे, तंबाखू सोडल्यापासून गालात कायम लवंग. सगळी डेअरी त्यांना आबाच म्हणते, मीही म्हणते. जुनं मशीन त्यांच्या हातात असं काही चालायचं, की इतरांनी त्याला हात लावला तरी आबांच्या कपाळावर आठी पडायची.

मग नवीन मशीन आलं. पडद्यावर बोट लावून चालवायचं, जुन्याच्या दुप्पट पिशव्या भरणारं. त्यात एकच नाटक होतं. प्लॅस्टिकची फिल्म मध्येच कधी वाकडी सरकली, की मशीन आपोआप थांबायचं आणि वर लाल दिवा लागायचा. मग दोघांनी मिळून ती सोडवायची. एकानं वर पडद्यापाशी उभं राहून फिल्म ताणून धरायची, आणि दुसऱ्यानं चावीनं खालचं झाकण उघडून, फरशीवर उताणं झोपून, अडकलेला तुकडा ओढून काढायचा. चावी फक्त सुपरवायझरकडे. म्हणजे वर कामगार आणि खाली साहेब, असा प्रकार. मशीनवाल्या कंपनीनं मुद्दामच तसं केलं होतं, कुणी एकट्यानं आत हात घालून बोटं गमावू नयेत म्हणून.

नवीन मशीनवर सुपरवायझर म्हणून ज्याला नेमलं, तो सुप्याकडचा मुलगा. डिप्लोमा झालेला, शांत, कामात चोख, आधी कोल्ड स्टोअरला होता. आणि हा आबांचा जावई. आबांची थोरली लेक याला दिलेली. लग्नाला मीही गेले होते, भर उन्हात मांडवात बसून जिलेबी खाल्ली होती. नेमणुकीच्या कागदावर सही करताना हे नातं मला माहीत होतं, प्लांटच्या मोठ्या साहेबांना माहीत होतं, सगळ्या हॉलला माहीत होतं. पण आमच्याकडे कोण कुणाचा नाही? त्यामुळे त्यात बोलण्यासारखं काही आहे, असं कुणालाच वाटलं नाही.

महिन्याभरात गळक्या पिशव्या परत यायला लागल्या. सुप्याच्या, मोरगावच्या दुकानदारांचे फोन. कॅरेटच्या तळाशी दूध साचलेलं, पिशव्यांचं सील तिरकं. कधी कुणाच्या पाळीत झालं ते तपासलं, तर बहुतेक आबांच्या. सगळ्यांनी एकच निदान केलं. आबांचं वय झालं, पडद्यावरचं त्यांना झेपत नाही, त्यांना ट्रेनिंग द्या.

मी आबांना बोलावलं. ते दारात उभे राहिले. "मॅडम, माझं काय चुकलं?" म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "जायाचं कुठं, तेवढं सांगा." मशीन बनवणाऱ्या कंपनीचं पुण्याजवळ प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं त्यांना पाठवलं. परत आले ते प्रमाणपत्र घेऊन. आणि तिथल्या शिकवणाऱ्यानं मला स्वतःहून फोन केला. म्हणाला, तुमच्या आबांना सगळं येतं, आमच्या पोरांपेक्षा त्यांचा हात चलाख आहे. तुम्ही यांना पाठवलंत कशाला?

बरं झालं, म्हटलं. आता पिशव्या गळायच्या थांबतील. कपाळ माझं! आठवड्यात पुन्हा मोरगावहून फोन.

आमचे प्लांटचे मोठे साहेब नाशिककडचे. माणूस वाईट नाही, पण घड्याळ बघून बोलणारा. त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "पुढच्या सोमवारी मी स्वतः हॉलमध्ये उभा राहून चाचणी घेणार. तुमच्या आबांना मशीन जमलं तर ठीक. नाही जमलं तर मशीनवरून उतरवून मागच्या अंगणात कॅरेट धुवायला. मला रोज दुकानदारांच्या शिव्या खायच्या नाहीत."

कॅरेट धुणं. आमच्याकडे ते काम रोजंदारीवरची पोरं करतात. आणि ते अंगण पॅकिंग हॉलच्या काचेतून लख्ख दिसतं. म्हणजे आबांनी रबरी बूट घालून पाइपनं कॅरेट धुवायचे आणि आतून जावयानं बघायचं. मी जिना उतरले ते हाच विचार करत. त्या माणसाला येतंय, हे मला ठाऊक होतं. मग बिघडतंय कुठं?

दुसऱ्या दिवशी मी टेबल सोडलं. डोक्याला टोपी, पायात बूट घालून आबांच्या पाळीला हॉलमध्ये जाऊन उभी राहिले. उगाच कोपऱ्यात कॅरेट मोजल्याचं सोंग करत. पाळी सुरू झाली. आबा पडद्यापाशी, हात सुरेख चालतोय, पिशव्या टपाटप पडताहेत. जावई पलीकडच्या टोकाला, काचेच्या खोलीच्या दाराशी. सगळं व्यवस्थित.

मग चहा आला. पोऱ्यानं पहिला कप आबांपुढे धरला, तशी आबांनी मान हलवून तो जावयाकडे पाठवला. जावयानं कप घेतला, पण आबांना मिळेपर्यंत तोंडाला लावला नाही. तिथं एकच स्टूल होतं. आबा त्यावर बसेनात, कारण जावई उभा. जावई बसेना, कारण सासरे उभे. चहा संपेपर्यंत ते स्टूल रिकामंच राहिलं. मला हसू आलं. माझ्या माहेरी इंदापूरला अगदी असंच चालतं.

माझा नवरा विजेच्या खात्यात. उभं आयुष्य तारांशी खेळण्यात गेलं त्याचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही इंदापूरला गेलो आणि भर उन्हाळ्यात पंखा बंद पडला. याच्या हातचं पाच मिनिटांचं काम. पण हा नुसतं "बघू का?" म्हणाला, तर माझे वडील इतके कावरेबावरे झाले, की सायकल काढून बाजारात वायरमन आणायला गेले. वायरमन दुपारी जेवून, झोप काढून आला. तोवर आमचे जावईबापू खुर्चीवर घामाघूम होऊन बसलेले, हातात कलिंगडाची बशी. जावयाला आपल्या घरी कामाला हात लावू द्यायचा म्हणजे लेकीच्या सासरी नाक कापून घ्यायचं, अशी आमच्याकडची रीत. तेव्हा मी आईजवळ पोट धरून हसले होते.

हे सगळं मनात चाललेलं असतानाच मशीन थांबलं. लाल दिवा लागला. फिल्म सरकली होती.

आबांनी वर पाहिलं. मग जावयाच्या दिशेनं पाहिलं. जावयानंही दिवा पाहिला. मी कॅरेट मोजायचं सोंग सोडून बघत होते. आणि काय झालं? जावई पाठ फिरवून काचेच्या खोलीत गेला आणि फाइल उघडून बसला. इकडे आबांनी हाक मारलीच नाही. त्यांनी वरूनच दोन बोटांनी फिल्म सोडवली, बोटांच्या अंदाजानं सरळ केली आणि मशीन पुन्हा चालू केलं. चाललं ते. पण खाली अडकलेला तुकडा तसाच राहिला, आणि पुढच्या सगळ्या पिशव्यांचं सील हलकं तिरकं येत गेलं. पटकन नजरेत भरणारही नाही, इतकंच. गाडीत हादरे बसले की त्या सुटायच्या.

तिथं उभ्या उभ्या माझं डोकंच तापलं. दोन शहाणी माणसं, दोघांनाही काम येतं, आणि दोघं मिळून सगळ्या तालुक्याचं दूध सांडताहेत!

पाळी सुटल्यावर मी आबांना गाठलं. सरळच विचारलं, "आबा, दिवा लागल्यावर सुपरवायझरला हाक का नाही मारत?"

आबांनी गालातली लवंग एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेली. "जमतंय की मला वरनंच."

"नाही जमत. पिशव्या गळतात. खाली झोपून तुकडा काढायला लागतो, तुम्हाला माहीत आहे."

तेव्हा मात्र आबा तापले. एवढ्या वर्षांत माझ्यावर त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला. "मग काय पाव्हण्यांना फरशीवर झोपवू व्हय? दुधाच्या चिखलात? चार माणसं बघत्यात तितं! माझ्या लेकीनं तोंड कुठं दाखवायचं सासरी? बापानं नवऱ्याला उताणं पाडलं म्हणून?"

"अहो, ते काम आहे त्यांचं!"

"तुमचं काम आसंल. आमचं ते पाव्हणं हायत."

मी जावयाकडे गेले. त्याच्यावरही ओरडले. दिवा दिसत असताना पाठ फिरवून जायला लाज नाही वाटत? तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मामांनी बोलावलं तर मी पळत जाईन. पण न बोलवता गेलो, तर चारचौघांत त्यांची चूक काढायला गेल्यासारखं दिसंल. वयानं वडलांच्या जागी हायत. म्हणून मी तिथनं हलतो, म्हंजी त्यांना अवघडल्यासारखं न्हाय व्हायाचं."

आता यातलं कुणाचं चूक म्हणू? सासऱ्यानं जावयाचा मान राखला, जावयानं सासऱ्याचा. आणि या सगळ्या मानपानात आबा मात्र कॅरेट धुवायच्या अंगणाकडे एकेक पाऊल चालले होते, आणि ते दोघांनाही माहीत होतं; सोमवारच्या चाचणीची बातमी कधीच सगळ्या डेअरीत फिरली होती. पुण्याच्या त्या प्रशिक्षकाला मी मनातल्या मनात विचारलं, बाबा रे, आता सांग, यातली कुठली रेघ कुठे मारू?

साहेबांकडे गेले. म्हटलं, दोघांच्या पाळ्या वेगळ्या करा. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माझ्याही घरी जावई आहे, मला कळतं. पण या मशीनचे सुपरवायझर दोनच. दुसरा आजारपणाच्या रजेवर, त्यामुळे सध्या मशीन एकाच पाळीत चालतं. आणि दिवस तर सोमवारचा ठरलाय."

मी घरी आले. भाकरी थापता थापता विचार करत होते. आबांना जावयाचा मान इतका मोठा, की त्यापायी स्वतःची जागा गेली तरी चालेल. स्वतःची गेली तरी. पण जावयाची? तवा तापून धूर निघाला तरी माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, चाचणी एकट्या आबांची घेऊ नका. मशीन दोघांचं आहे, तर चाचणीही जोडीची घ्या. जोडी पास तर दोघं पास. जोडी नापास तर दोघांनाही मशीनवरून काढा. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "पोराचं काय चुकलं?" मी म्हटलं, त्याचं काम खाली झोपायचं आहे, ते तो करत नाहीये. साहेब म्हणाले, बरं.

हे आबांना मलाच सांगावं लागलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मला कॅरेट धुवाय लावलं आस्तं तर मी धुतलं आस्तं. तुमी माझ्या लेकीच्या संसारात कशाला हात घातला?" आणि उठून गेले. मी तिथंच बसून राहिले. आपण शहाणपणा केला की आगाऊपणा, ते मला कळेना. उद्या खरंच दोघंही गेले, तर त्या पोरीला मी काय तोंड दाखवणार होते?

सोमवार आला. हॉलमध्ये नेहमीपेक्षा माणसं जास्त. ज्यांचं काम नव्हतं तेही काही ना काही निमित्त काढून आलेले. साहेब मशीनपासून चार हातांवर, हात मागे बांधून. आबा पडद्यापाशी. जावई आज काचेच्या खोलीत नव्हता, पण जवळही नव्हता. मधेच कुठंतरी अवघडून उभा होता.

मशीन सुरू झालं. पिशव्या पडायला लागल्या. मी मनात म्हणत होते, आज फिल्म सरकूच नये. आणि सरकली नाही तर चाचणीला अर्थ काय, असंही वाटत होतं. बराच वेळ गेला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आणि तेवढ्यात मशीन गप झालं. लाल दिवा.

हॉलमध्ये एकदम शांतता. नळीतून दुधाचे थेंब खाली फरशीवर पडत होते, तेवढाच आवाज. आबांचा हात सवयीनं फिल्मकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयानं त्यांच्याकडे. दोघांपैकी कुणी हलेना. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे मारा की हाक! पण मी ओरडून चाललं नसतं.

आबांनी गालातली लवंग कडकन चावली. "पाव्हणं," ते म्हणाले, आणि आवाज फुटला. खाकरले. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलले, "पाव्हणं, चावी घिऊन या. खाली झोपाय लागंल."

जावई दोन ढांगांत मशीनपाशी. तो गुडघ्यावर बसणार, एवढ्यात आबा म्हणाले, "थांबा." साहेबांच्या कपाळाला आठी. आबांनी पाठीमागची नाडी सोडली, अंगातला ॲप्रन काढला, आणि खाली वाकून तो ओल्या फरशीवर पसरला. नीट चारी कोपरे ओढून, पाहुण्यांना सतरंजी घालावी तसा. "हं. आता झोपा."

जावई त्यावर उताणा झोपला, डोकं मशीनखाली घातलं, झाकण उघडलं. वरून आबांनी फिल्म ताणून धरली. "डावीकडं बघा. आजून थोडं. न्हाय न्हाय, तितं न्हाय, मागं! व्हय, तेच. वढा आता. वढा की!" वर्षानुवर्षं ज्याच्याशी "बसा", "घ्या", "येता का" यापलीकडे बोलणं झालं नव्हतं, त्याला आबा धडाधड हुकूम सोडत होते. खालून आवाज आला, "निघालं मामा!" झाकण बंद झालं. मशीन चाललं. साहेबांनी पडलेल्या पिशव्या एकेक करून हातात दाबून पाहिल्या. एकही सुटली नाही. ते फक्त "ठीक आहे" म्हणाले आणि गेले. त्यांच्या तोंडून तेवढंच म्हणजे फार झालं. मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले, कारण मला हॉलमध्ये रडायचं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी आबांना शोधत गेले. वाटलं होतं, खूश असतील. तर आबा बाहेर लिंबाच्या पारावर, डबा न उघडता बसलेले. मी शेजारी बसले. म्हटलं, "आबा, झालं की. दोघंही राहिलात."

"व्हय, राहिलो." ते समोर बघत म्हणाले. "पर आज जावयाला फरशीवर झोपवला मी. चारचौघांत. लेकीच्या घरी आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी काही बोलणार, तेवढ्यात जावई आला. केस दुधानं चिकट झालेले, सदऱ्याची पाठ ओली, हातात आबांचा धुऊन पिळलेला ॲप्रन. तो उभाच राहिला. आबा उठायला लागले, तसा तो म्हणाला, "बसा मामा." आणि स्वतः पारावर न बसता खाली मातीतच टेकला.

"मामा, एक बोलू? राग नका धरू." तो ॲप्रनची घडी घालत बोलत होता, वर बघत नव्हता. "लगीन झाल्यापासनं लासुर्ण्याला आलो की तुमी मला खुर्ची देता. खुर्चीवर चादर. हातात पव्ह्याची बशी. गोठ्याकडं गेलो की हाताला धरून माघारी आणता. शेतावर येतो म्हणलं की म्हणता, ऊन हाय, बसा. मला वाटायचं, ह्यांना माझा हात लागलेला चालत न्हाय. मी गरिबाघरचा, आमाला रान न्हाय, पोरगी दिली खरी पर मनातनं न्हाय दिली. मी घरी गेल्यावर तिला कितीदा बोललोय त्यावरनं. ती रडायची, म्हणायची आबा तसं न्हाईत. मला पटायचं न्हाय."

आबांचं तोंड उघडंच राहिलं. "अवं, आसं कसं... तो मान आसतुया, पाव्हणं."

"व्हय. पर मला मान नको होता मामा."

मला तिथून उठायला हवं होतं, पण उठले असते तर तेही दिसलं असतं, म्हणून मी चपलेनं माती उकरत बसले. आबांनी डबा उघडला. भाकरी मोडली, अर्धी जावयापुढे धरली. त्यानं घेतली. दोघं खायला लागले. आबांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

भाकरी संपल्यावर आबा खाकरले, आणि माझ्याकडे बघून बोलले, जसं काही जावयाला सांगायला मध्ये माणूस लागतोच. "मॅडम, सुट्टीच्या दिवशी ह्यांना लासुर्ण्याला या म्हणावं." मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, ते थेट त्याच्याकडे वळले. "या तुमी. पर चांगली कापडं घालून येऊ नका. गोठ्याचं पत्रं बदलायचं हायत, आन् वर चढाय माझ्याकडं माणूस न्हाय."